लागवडीआधी भट्टीकडे बघा

सुगंधी वनस्पतींची लागवड वाढवली की त्यांच्या तेलांची निर्यात आपोआप वाढेल, असं म्हटलं जातं; मला ते पटत नाही. परदेशी खरेदीदार एकर मोजत नाही, तो प्रत्येक खेपेचा गॅस क्रोमॅटोग्राफीचा, म्हणजे तेलात कोणते घटक किती आहेत हे दाखवणाऱ्या चाचणीचा, अहवाल मागतो. पॅचौली या सुगंधी पानांच्या झुडपाचंच घ्या. जगातलं बहुतांश पॅचौली तेल इंडोनेशियाचं. सुकवलेला पाला लोखंडी भांड्यात वाफवला तर तेल काळपट होतं, स्टेनलेस स्टीलमध्ये फिकट, स्वच्छ उतरतं. पाला तोच, पण भावात फरक पडतो! वाळ्याच्या मुळांना तर तासन्‌तास वाफ द्यावी लागते. सरपण वाचवायला घाई केली, की वास टिकवणारे जड घटक मुळांतच अडकून राहतात. म्हणून पहिला पैसा गावोगावी वाफेने तेल काढणाऱ्या चांगल्या भट्ट्यांवर आणि एखाद्या विश्वासार्ह प्रयोगशाळेवर खर्च व्हायला हवा. रोपवाटिका त्यानंतर.