पायांना मुंग्या आणि वाढलेलं वजन : तुमचा अनुभव लिहा

नमस्कार. मी फोंड्याची, शाळेत शिकवते. गेल्या पावसाळ्यापासून रात्री आडवं झालं की दोन्ही पायांच्या बोटांत मुंग्या येतात, तळवे चुरचुरतात. थंड फरशीवर टेकले की जरा बरं वाटतं. घरीदारी एकच उत्तर : "वजन उतरव, सगळं जाईल." वजन आहेच. बीएमआय २९, आणि आपल्याकडे २५ पासून लठ्ठपणा धरतात. पण वजनाने पायाला नेमकं काय होतं ते कुणी सांगेना, म्हणून फिजिशियनना गाठलं.

एचबीए१सी, म्हणजे गेल्या तीनेक महिन्यांच्या साखरेची सरासरी, ६.१ आलं. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा. बी१२ आणि थायरॉइड ठीक निघाले. डॉक्टर म्हणाले, शरीराचा भार तळव्यांवर येतो म्हणून अशा मुंग्या येतात असं सहसा नसतं. पोटावरची चरबी, रक्तातली वाढलेली चरबी (ट्रायग्लिसराइड्स) आणि इन्सुलिनला दाद न देणारं शरीर या सगळ्यामुळे नसांचं पोषण बिघडतं. सर्वांत लांबच्या नसा पायाच्या बोटांपर्यंत जातात, म्हणून त्रास तिथे सुरू होतो आणि मोजा चढवावा तसा वर सरकतो.

माझ्यापुरतं वजनाचं म्हणणं खरं ठरलं, पण सगळ्यांचं तसं नसणार. एक पाय की दोन्ही, नेमकी जागा कोणती, काय काय तपासलं, कशाने फरक पडला, हे लिहा. नुसतं "वजन कमी करा" असं कृपया लिहू नका.

उसगावहून
मी खाणीवर ट्रक चालवायचो. २०१८ च्या मार्चमध्ये खाणी थांबल्या, ट्रक दारात उभा राहिला आणि बसून बसून पोट सुटलं. पुढे पिकअप घेतली. त्यानंतर उजव्या मांडीच्या बाहेरच्या अंगाला हाताच्या पंजाएवढी जागा जळजळायला लागली. मुंग्या, मध्येच बधिर, आणि पँटचं कापड घासलं तरी नको व्हायचं. गुडघ्याखाली मात्र काहीच नाही. पायातली ताकदही पूर्ण.

मणक्याचा एमआरआय करायचं चाललं होतं. त्याआधी ज्या डॉक्टरांना दाखवलं त्यांनी मला उभं केलं आणि पट्टा काढायला लावला. पोटाखाली पट्ट्याचा लाल वळ उमटला होता. कमरेच्या हाडाच्या पुढच्या टोकाजवळ त्यांनी बोटाने दाबलं तशी मांडीत कळ गेली. तिथून जांघेतून एक नस मांडीच्या कातडीकडे जाते, ती फक्त संवेदनेची. वरून पोट, बाहेरून पट्टा, यात ती चेपली जाते. मेराल्जिया पॅरेस्थेटिका असं नाव कागदावर लिहून दिलं. गरोदरपणातही होतं म्हणे. पट्टा सोडला, नाडीची सैल पँट घातली, रात्रीचं शीत (भात) कमी केलं. पोट उतरत गेलं तशी ती जागा आक्रसत गेली. आता लांबच्या भाड्याला गेलो तर संध्याकाळी थोडी जाणवते, एवढंच.

ड्रायव्हर मंडळींनो, पट्टा कुठे काचतो ते एकदा बघा.

वास्कोहून
दामोदर सप्ताहात आमच्या भजनी पथकाची पाळी आली की तासभर मांडी मोडत नाही. उठताना पाय मेलेला असतो, पाच मिनिटांत जिवंत. पेटीवाला चांगला धिप्पाड, आमचा पखवाजवाला काडीसारखा, दोघांचं तेच. उठल्यावर लगेच जातं ते नस दबल्याचं, त्याची काळजी नको.

म्हार्दोळहून
माझे बाबा पहिल्यापासून सडपातळ, त्यामुळे वजनाचा प्रश्नच नव्हता. घर शाकाहारी. शुगरसाठी मेटफॉर्मिन कित्येक वर्षं चालू. पायांना मुंग्या यायला लागल्या तेव्हा सगळ्यांनी शुगरवर ढकललं, पण शुगर ताब्यात होती. जीभ गुळगुळीत लाल झालेली, आणि पहाटे अंधारात न्हाणीकडे जाताना भिंत धरावी लागायची. डोळे मिटून उभं केलं तर झोक जायचा. बी१२ काढलं तर १४०. दोनशेच्या खाली कमी समजतात. मेटफॉर्मिनमुळे बी१२ चं शोषण कमी होतं, आणि शाकाहारात ते दूध-दह्यातून मिळेल तेवढंच. इंजेक्शनं सुरू झाली. मुंग्या हळूहळू गेल्या, तोल पूर्ण आलेला नाही. मेटफॉर्मिन घेणाऱ्यांनी डॉक्टरांना बी१२ तपासायचं का, असं आपणहून विचारावं. गोळी मनाने बंद करू नका मात्र.

डिचोलीहून, मी नर्स आहे
ओपीडीत आम्ही नायलॉनचा एक तंतू वापरतो, मोनोफिलामेंट. पेशंटने डोळे मिटायचे, आम्ही तंतू तळव्याच्या ठरावीक जागी टेकवतो. १० ग्रॅम दाबाला तो वाकतो. वाकूनही कळलं नाही तर त्या जागेची राखण गेली असं समजायचं. मग १२८ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क अंगठ्याच्या हाडावर ठेवून थरथर कळते का ते बघायचं. सगळं मिळून पाच-सात मिनिटं, सुई नाही, दुखत नाही.

हे लिहायचं कारण, एक काकू आनंदाने सांगत आल्या की मुंग्या थांबल्या. तपासलं तर तंतू कुठेच लागेना. मुंग्या थांबणं म्हणजे दर वेळी बरं होणं नसतं, नस पार मुकी झालेली असू शकते. त्याच काकू वैशाखात देवळाच्या तापलेल्या अंगणात अनवाणी प्रदक्षिणा घालून आल्या आणि दोन्ही तळव्यांना फोड. घरी सुनेने ओला ठसा बघितला तेव्हा समजलं. शुगर असलेल्यांनी रोज रात्री तळवे आरशात बघा, बोटांच्या बेचक्यासुद्धा.

पेडण्याहून
भावाचं वजन भरपूर, शुगर नॉर्मल. काजूच्या मोसमात उराक, एरवी फेणी, रोज. दारूने नसा जातात आणि जेवण सुटलं की थायमिनही (बी१ जीवनसत्त्व) कमी पडतं. वजनाबद्दल सगळे बोलले, पिण्याबद्दल घरात कुणी तोंड उघडत नव्हतं. डॉक्टरांनी उघडलं. आता बंद आहे, देवाची कृपा.

मडगावहून
माझं उलटं. लग्नाआधी वजन फार झपाट्याने उतरवलं आणि उजव्या पावलाच्या वरच्या बाजूला मुंग्या सुरू झाल्या, मग चालताना चप्पल निसटायला लागली. पंजा वर उचलेचना. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला नस हाडाला अगदी लागून असते, तिच्यावरची चरबी गेली आणि पायावर पाय टाकून बसायची सवय, त्यात ती चेपली गेली. फिजिओथेरपीने काही महिन्यांत पाय पूर्ववत झाला. उतरवा, पण बेताबेताने.

फोंड्याहून (धागाकर्ती)
सगळ्यांचे आभार. मडगावच्या ताईंचं वाचून मला बरंच उमगलं. माझ्या डॉक्टरांनी सात टक्के वजन उतरवणं आणि आठवड्याला १५० मिनिटं चालणं एवढंच लक्ष्य दिलंय. अमेरिकेत २००२ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात याच लक्ष्यावर चाललेल्या उंबरठ्यावरच्या लोकांत मधुमेहाचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं होतं. जेवल्यावर चालते. दोन पोयांच्या (गोव्याचे पाव) जागी एक घेते आणि हुमणातलं मासळीचं तुकड थोडं मोठं. मुंग्या अजून येतात, पण झोपमोड होत नाही.

काणकोणहून
घाईत लिहितोय. भावाच्या पायांना परवापासून मुंग्या, आज गुडघ्यांच्या वर आल्या, जिना चढताना पाय लटपटतात. वजन ९५ किलो. गेल्या आठवड्यात जुलाब झाले होते. वजनामुळेच ना? सोमवारी दाखवू का?

डिचोलीहून, नर्स
दादा, सोमवारची वाट बघू नका. जुलाब होऊन गेल्यावर मुंग्या सुरू होऊन दोन-तीन दिवसांत वर चढणं आणि पायातली ताकद कमी होणं, हे जीबीएस (गियाँ-बारे सिंड्रोम, यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच नसांवर उलटते) असू शकतं. २०२५ च्या सुरुवातीला पुण्यात याचेच रुग्ण वाढले होते. छातीचे स्नायू ढिले पडले तर श्वास अडतो, म्हणून आत्ताच निघा. त्याला स्कूटरवर बसवू नका, १०८ ला फोन करा. जुलाब कधी झाले, मुंग्या कुठून कुठे चढल्या, हे त्यांना आधी सांगा. गिळायला किंवा श्वास घ्यायला जड जातंय का ते आता विचारा आणि फोनवर तेही सांगा.

काणकोणहून
फोन लावला. गाडी निघाली आहे.