क्लचचे पेडल नसलेल्या जुन्या बग्गीसाठी मदत हवी आहे
सर्वांना नमस्कार. वडोदऱ्यात काकांनी जपून ठेवलेली, बीटल मोटारीच्या चासीवर (खालच्या सांगाड्यावर) फायबरची बॉडी बसवलेली बग्गी, म्हणजे छोटी उघडी मोटार, मी पुन्हा रस्त्यावर आणत आहे. तिच्यात फोक्सवॅगनने 1968 च्या मॉडेलपासून दिलेला 3 गिअरचा सेमी-ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आहे. टॉर्क कन्व्हर्टरमुळे (इंजिनाची ताकद तेलातून पुढे देणाऱ्या भागामुळे) ती गिअरमध्ये असतानाही थांबून राहते, आणि गिअर बदलण्यासाठी दांडा हलवताच त्याच्या बुडाशी असलेले संपर्क जुळून सोलेनॉइडचा (विजेच्या चुंबकावर चालणारा) व्हॉल्व्ह उघडतो व इंजिनाच्या व्हॅक्यूमवर चालणारा सर्व्हो क्लच सोडवतो. ही रचना मला फार आवडते, म्हणूनच साधा गिअरबॉक्स बसवण्याचा सल्ला मी मानलेला नाही.

दांडा हलवल्यावर व्हॉल्व्हचा ‘टक्’ असा आवाज स्पष्ट येतो, तरीही पहिल्यातून दुसऱ्यात जाताना दाते करकरतात. सर्व्होकडे जाणाऱ्या रबरी नळीला वळणाशी बारीक भेगा होत्या. ती बदलल्यावर थोडाच फरक पडला. सर्व्होचा पडदा (डायफ्राम) शाबूत आहे की नाही, हे इंजिन न उतरवता कसे तपासावे, आणि क्लचचा खेळ (मोकळी हालचाल) नेमका कोठे जुळवावा? असे काम प्रत्यक्ष केलेल्यांनी कृपया सविस्तर लिहावे.