परसातून मोजलेले ‘हॉक’ : ससाणा, बाज, शिक्रा की तीसा?

शंका : आम्ही पेनसिल्व्हेनियात राहतो. सप्टेंबर लागला की आमच्या परसावरून दक्षिणेकडे निघालेले हॉक जाऊ लागतात आणि घरची मंडळी खुर्च्या टाकून ते मोजत बसतात. नातेवाइकांना मराठीत कळवताना मी ‘ससाण्यांची मोजणी’ असे लिहितो. कोशात मात्र हॉकसाठी ससाणा, बाज, श्येन असे सगळेच शब्द शेजारी शेजारी दिलेले आढळतात. यांतला कोणता वापरावा?

उत्तर : कोशात हे शब्द एका ओळीत बसत असले, तरी पक्षी ओळखणाऱ्याने ते वेगळे ठेवावेत, असे माझे ठाम मत आहे. ‘ससाणा’ हा शब्द संस्कृत ‘शशादन’, म्हणजे ससा खाणारा, याच्याशी जोडला जातो, आणि बोलण्यात आपण झडप घालणाऱ्या कोणत्याही पक्ष्याला सहज ससाणा म्हणतो. पक्षिविषयक लेखनात मात्र हा शब्द आता लांब, टोकदार पंखांच्या फाल्कनसाठी रुळला आहे, जसे बहिरी ससाणा, अमूर ससाणा. (यातला ‘बहिरी’ अरबीतल्या समुद्रवाचक ‘बहर’वरून आला आहे, त्याचा कानांशी संबंध नाही.) जनुकीय अभ्यासांनुसार तर फाल्कन हे हॉकपेक्षा पोपटांना अधिक जवळचे आहेत. तेव्हा हॉकला ससाणा म्हटल्याने खरोखरीचा भेद पुसला जातो.

‘बाज’ हा फारसीतून आलेला, शिकारी पक्षी पाळणाऱ्यांचा शब्द असून तो मुख्यतः गॉसहॉकचा आहे. शिक्रा त्याच घडणीचा, पण लहान : पंख आखूड व गोलसर, शेपटी लांब. अमेरिकेतले शार्प-शिन्ड हॉक आणि कूपर्स हॉक या जातकुळीतले आहेत, म्हणून त्यांना शिक्र्याचे भाऊबंद म्हणणे योग्य ठरेल.

खरी अडचण ब्रॉड-विंग्ड हॉकची आहे, आणि सप्टेंबरच्या मध्यावर मोठ्या संख्येने जातो तो नेमका हाच. कावळ्याएवढा, अंगाने भरलेला, खालून फिकट पंखांना गडद किनार आणि शेपटीवर रुंद काळे-पांढरे पट्टे असलेला हा पक्षी ब्यूटिओ वंशातला आहे. भारतातल्या इंग्रजी पुस्तकांत अशा पक्ष्यांना ‘बझर्ड’ म्हणतात, पण अमेरिकेत बोलताना बझर्ड म्हणजे गिधाड. त्यामुळे तो शब्द टाळलेलाच बरा. आपल्या ओळखीचा, त्याला त्यातल्या त्यात जवळचा पक्षी म्हणजे माळरानावर खांबावर बसून राहणारा, पांढऱ्या डोळ्यांचा तीसा. त्याच्या ‘ब्यूटास्टर तीसा’ या शास्त्रीय नावात देशी शब्दच जसाच्या तसा आहे. ‘तीशाच्या जवळचा ब्रॉड-विंग्ड हॉक’ असे एकदा लिहून पुढे इंग्रजी नाव देवनागरीत ठेवावे.

राहिला मोजणीचा शब्द. पेनसिल्व्हेनियातल्याच हॉक माउंटनवर पूर्वी बंदूकवाले डोंगरधारेवर बसून जाणारे पक्षी पाडत असत. रोझली एज यांनी 1934 मध्ये ती जागा भाडेपट्ट्याने घेऊन हा संहार थांबवला आणि त्याच वर्षी तेथे रखवालीला आलेल्या मॉरिस ब्राउन यांनी मोजणी सुरू केली. त्या मोजणीत गरुड आणि फाल्कनही धरले जातात; म्हणजे तिथल्या ‘हॉक’चा आवाका ससाण्यापेक्षा फार मोठा आहे. त्यासाठी ‘शिकारी पक्षी’ हाच शब्द हवा. घुबडेही त्यात येतात खरी, पण दिवसाच्या मोजणीत त्यामुळे घोटाळा होत नाही.

आणखी एक उत्तर : वरील मताशी मी सहमत आहे. केवळ या पक्ष्यांच्या घोळक्याला ‘थवा’ म्हणावे का, याविषयी भर घालतो. थंड हवेची लाट येऊन गेल्यावर, वायव्य वारा सुटला की हे पक्षी तापलेल्या हवेच्या स्तंभात एकत्र येऊन फिरत फिरत वर चढतात; तिथले लोक त्या घोळक्याला ‘केटल’ म्हणतात. थवा म्हटल्यावर बगळ्यांची किंवा पोपटांची एका दिशेने जाणारी रांग डोळ्यांपुढे येते, फिरता घोळका येत नाही. आपल्याकडे घारीसाठी ‘घिरट्या घालणे’ हा क्रियापदप्रयोग तयारच आहे. नवे नाम घडवण्याऐवजी तोच वापरावा. घिरट्या चालू असताना संख्या चुकते, म्हणून स्तंभाच्या माथ्यावरून पक्षी एकामागोमाग सुटू लागले की मगच मोजतात. वहीत असे लिहिता येईल : ‘शिकारी पक्ष्यांची मोजणी. दुपारी ब्रॉड-विंग्ड हॉक घिरट्या घालत चढले. माथ्यावरून नैर्ऋत्येकडे सुटताना मोजले.’