टॅमॉक्सिफेन थांबवून बाळाचा विचार करावा का?

धागा : चोपड्याची नणंद
माझी वहिनी 34 वर्षांची आहे. स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया, केमो आणि शेक (रेडिएशन) हे सर्व मुंबईत आटोपून तिला, आजार परत येऊ नये म्हणून, टॅमॉक्सिफेनची गोळी सुरू झाल्याला दोन वर्षे झाली. गोळी पाच वर्षे घ्यायची आहे, पण तिला त्याआधी मूल हवे आहे. ‘जीव वाचला हेच पुष्कळ’ असे म्हणून घरच्यांनी विषय मिटवला, तो मला पटलेला नाही. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘पॉझिटिव्ह’ अभ्यासात, संप्रेरकांवर (हार्मोन्सवर) वाढणारा स्तनाचा कर्करोग झालेल्या 518 स्त्रियांनी 18 ते 30 महिने टॅमॉक्सिफेनसारखे औषध घेऊन गर्भधारणेसाठी ते थांबवले. तीन वर्षांत आजार उलटण्याचे प्रमाण त्यांच्यात 8.9 टक्के, तर औषध न थांबवलेल्या तुलनेच्या गटात 9.2 टक्के होते.

प्रतिसाद : भुसावळकर
ताई, आकडे खरे आहेत, पण अपुरे आहेत. त्या स्त्रिया स्वतःहून सहभागी झाल्या होत्या, बहुतेक जणी पहिल्या-दुसऱ्या टप्प्यातल्या होत्या, आणि पाहणी सरासरी साडेतीन वर्षांचीच आहे. हा आजार दहा वर्षांनीही डोके वर काढतो. माझ्या मावशीला सर्व गोळ्या घेऊनही नवव्या वर्षी तो उलटला. आधी पाच वर्षे पूर्ण होऊ द्या, 37 हे काही फार वय नव्हे.

प्रतिसाद : धुळ्याची लेक
दादा, केमो झालेल्या बाईचे 37 आणि इतरांचे 37 यांत फरक असतो, कारण केमोने बीजकोशातील स्त्रीबीजांचा साठा घटतो. माझी पाळी 31 व्या वर्षी गेली ती परत आली नाही. केमोआधी दोनेक आठवड्यांत स्त्रीबीजे काढून गोठवता येतात, हे मला उपचार संपल्यावर, तेही भुसावळच्या गाडीत शेजारी बसलेल्या एका बाईकडून कळले. तुमचा वाद दोन वर्षे उशिराचा आहे, असे मला वाटते.

प्रतिसाद : चोपड्याची नणंद
भुसावळकर दादा, साडेतीन वर्षांचा मुद्दा मान्य आहे. वहिनीच्या काखेतील गाठींतही आजार पसरला होता, हे मी वर लिहायला हवे होते. त्यामुळे परवानगी मिळेलच असे मी धरत नाही. पण निर्णय तिचा आणि तिच्या डॉक्टरांचा असावा, आजेसासूंचा नव्हे. औषध गर्भाला अपाय करू शकते, म्हणून गोळी थांबल्यावर निदान तीन महिने थांबावे लागते, आणि तोवर संप्रेरकांच्या गर्भनिरोधक गोळ्याही चालत नाहीत. पुढच्या तपासणीला मीही तिच्यासोबत जाणार आहे. तिने वहीत पहिला प्रश्न लिहिला आहे तो बाळाचा नाही : ‘थांबवलेली गोळी परत कधी सुरू करायची?’