'स्ट्रे' शंभर टक्के पूर्ण करायचा क्रम काय? संग्रह आधी की दोन तासांची धाव आधी?

खिडकीतली_माऊ

पीएस५ वर 'स्ट्रे' या मांजराच्या खेळाची गोष्ट एकदा संपली आहे. सध्याची स्थिती अशी: २७ पैकी १९ आठवणी, ८ पैकी ५ स्वरलिपीचे कागद, ६ पैकी ३ बिल्ले. प्लॅटिनम (बाकी सगळ्या ट्रॉफी झाल्यावर मिळणारी ट्रॉफी) घ्यायचं आहे, पण एरवी खेळणं सगळं निवांत असतं. मांजरांचे, शेतीचे, चहाच्या दुकानाचे खेळ. पळापळ आणि घड्याळ या दोन्हींची सवय नाही. म्हणून चार प्रश्न:

१. राहिलेल्या वस्तू मेनूतून चॅप्टर निवडून गोळा केल्या तर धरल्या जातात का, की सगळं पहिल्यापासून?
२. झर्कांचा (अंगाला चिकटणाऱ्या लहान प्राण्यांचा) पहिला पाठलाग एकदाही न पकडले जाता कसा पार करायचा? शेवटच्या वळणावर दरवेळी एखादा तरी अंगाला चिकटतोच.
३. दोन तासांच्या आत पूर्ण खेळ खरंच होतो का?
४. 'स्क्रॅच' ट्रॉफी मिळत नाही. दिसेल त्या दारावर, सोफ्यावर, गालिच्यावर नख्या घासून झाल्या.

---

बारावा_चॅप्टर

चौथ्यापासून सुरू करतो, कारण तिथे नुसता नावाचा घोळ आहे. ट्रॉफी दोन आहेत. प्रत्येक चॅप्टरमध्ये नख्या घासायच्या, ती 'टेरिटरी'. 'स्क्रॅच' म्हणजे मिडटाउनच्या नाइटक्लबमध्ये डीजेच्या टेबलावर चढून फिरती तबकडी पंजाने घासायची. दार-सोफे कितीही ओरबाडले तरी ती मिळणार नाही. चॅप्टर १० मध्ये क्लबात शिरलात की आधी तबकडीकडे जा, मग गोष्ट पुढे न्या.

आता पहिला प्रश्न. चॅप्टर निवडून गोळा केलेलं धरलं जातं. गोष्ट अर्धवट असताना मागचा चॅप्टर उघडला तर 'पुढे चालू' ची जागा तिथे येते आणि मधला प्रवास पुन्हा करावा लागतो. तुमची गोष्ट संपली आहे, तेव्हा ती भीती नाही. वस्तू उचलल्या उचलल्या मात्र मेनूत जाऊन बाहेर पडू नका. सेव्हची खूण दिसू द्या, मग निघा. कुठली आठवण कुठे राहिली हेही शोधत बसायला नको, चॅप्टरच्या यादीत प्रत्येकापुढे आकडा असतो. अपुऱ्या आकड्याचेच चॅप्टर उघडा.

स्वरलिपी पाचवर अडली असेल तर शंका एनर्जी ड्रिंकच्या कॅनची. चॅप्टर ४ मध्ये, म्हणजे द स्लम्स या वस्तीत, उजेड असलेल्या व्हेंडिंग मशीनमधून असे कॅन मिळतात, आणि मिळतात फक्त ४. अझूझच्या दुकानात एक स्वरलिपी १ कॅनला आणि एक आठवण ३ कॅनला. म्हणजे हिशेब काटेकोर, एक कॅन चुकला की दोन्हींपैकी एक गोष्ट हुकते. बंद मशीन पंजाने कितीही हलवलं तरी काही पडत नाही, उजळलेलंच शोधायचं.

दुसरी नेहमी राहणारी स्वरलिपी तिजोरीतली. तिजोरीवरच्या चिठ्ठीचं भाषांतर इलियट या यंत्रमानवाकडून करून घेतलं की ड्यूफर बारचं नाव येतं. बारमधल्या पाटीमागे आकडा आहे: १२८३. आकडा ठाऊक असेल तर बारमध्ये जायचीही गरज नाही, थेट तिजोरीत घाला.

आणि कागद नुसते खिशात ठेवून ट्रॉफी मिळत नाही. गिटार घेऊन बसलेल्या मोरुस्ककडे आठही पोचवायचे. प्रत्येक दिल्यावर तो ती चाल वाजवतो. आठवी दिली की 'मीओलडी' ट्रॉफी आणि संगीताचा बिल्ला दोन्ही हातात. तुमच्या सहा बिल्ल्यांतला एक बहुधा इथेच अडला आहे. हे सगळं चॅप्टर ४ मध्येच आटोपतं, चॅप्टर ६ साठी काही शिल्लक ठेवू नका.

---

सावकाश_खेळू

बिल्ल्यांची बाकी यादी: आउटसायडरचा बिल्ला गोष्टीच्या ओघात मिळतो, तो तुमच्याकडे असणारच. अँटव्हिलेजमध्ये मालोला लाल, पिवळं आणि जांभळं अशी तीन रोपं आणून दिली की रोपाचा बिल्ला. इथे चुकतं ते असं, की माणूस झ्बल्टझारला भेटायला सरळ वर चढत जातो आणि खालच्या पातळीवर परत येतच नाही. चॅप्टर ९ उघडल्यावर आधी खाली हिंडून घ्या, मग वर. उरलेले तीन म्हणजे मांजराचा, पोलिसांचा आणि नेको कॉर्पचा, तिन्ही मिडटाउनमध्ये. नेकोचा बिल्ला कारखान्याच्या आत आहे. कारखान्यातून बाहेर पडलात की दार बंद, त्यामुळे अणुबॅटरी घेण्याआधी आतली प्रत्येक बाजू पाहून घ्या.

त्याच कारखान्यात 'स्नीकिटी'चाही विचार करावा लागतो. मिडटाउनमध्ये सेंटिनल ड्रोनच्या नजरेस एकदाही पडायचं नाही. ड्रोनचा झोत निळा असतो, लाल झाला की तुम्ही दिसलात. दिसल्यावर पळून निसटलं तरी ट्रॉफी गेलीच. म्हणून झोत लाल झाला की लगेच चेकपॉइंट पुन्हा लोड करायचा. ड्रोनचा फेरा ठरलेला असतो. खोक्यात शिरून एक पूर्ण फेरा पाहायचा, तो पाठमोरा झाला की पुढच्या खोक्यापर्यंत जायचं. निवांत खेळणाऱ्यांना हा भाग उलट सोपा जातो, घाई करणारेच इथे दिसतात.

पाठलागाकडे येऊ. 'कान्ट कॅच मी' मध्ये एकही झर्क अंगाला चिकटता कामा नये. गोल बटण दाबून तो झटकून टाकला तरी ट्रॉफीच्या दृष्टीने पकडलं गेल्यासारखंच. चिकटला, की पुढे पळत बसू नका, तिथल्या तिथे चेकपॉइंट लोड करा.

चिकटतात का, हे नीट समजून घेतलं तर सोपं होतं. झर्क उडी मारतो तो तुम्ही त्या क्षणी जिथे असता त्या दिशेने. सरळ रेषेत पळालात तर समोरून येणाऱ्याची उडी बरोबर अंगावर येते. म्हणून आर२ सुरुवातीपासून शेवटपर्यंत दाबून ठेवायचं आणि समोरची टोळी दिसली की आधी एका बाजूला झुकायचं. टोळी त्या बाजूला वळली, की दुसऱ्या बाजूने निघून जायचं. झुकणं लवकर झालं पाहिजे, टोळी अंगाजवळ आल्यावर वळून उपयोग नाही. भिंतीला घासून पळणं सगळ्यात वाईट, कारण तिथे एक बाजू आधीच बंद झालेली असते. शेवटच्या वळणावर चिकटतो म्हणालात, तिथे बहुतेक जण आतल्या कोपऱ्याला चिकटून वळतात. वळण बाहेरच्या बाजूने रुंद घ्या. आणि कॅमेरा मागे वळवून किती जण आले ते पाहू नका. मागचे झर्क धावत्या मांजराला सहसा गाठत नाहीत, धोका समोरच्यांचा आणि बाजूच्यांचा.

---

बारावा_चॅप्टर

वरचं अगदी बरोबर. एक भर: पाठलाग चॅप्टर २ मध्येच आहे, त्यामुळे दोन तासांच्या नव्या खेळात तो जमवायच्या भानगडीत पडू नका. वेगळा चॅप्टर उघडून, घड्याळ न बघता करा.

दोन तासांबद्दल. होतं, आणि फार आटापिटा न करता होतं, पण दोन अटी. एक, सगळा संग्रह आधी संपलेला हवा. वाटेत आठवण दिसली की पाय तिकडे वळतात आणि वेळ असाच जातो. दोन, वाट पाठ हवी. म्हणून माझा क्रम: आधी चॅप्टर निवडून संग्रह, त्याच फेऱ्यांत लहान ट्रॉफी, मग पाठलाग, आणि 'आय अॅम स्पीड' (दोन तासांची ट्रॉफी) सगळ्यात शेवटी, वेगळ्या सेव्ह स्लॉटमध्ये.

वेळ कुठे वाचतो ते सांगतो. चॅप्टर ४ मध्ये गोष्ट पुढे जायला फक्त वह्या लागतात: क्लेमेंटाइनची, डॉकची आणि झ्बल्टझारची, मग मोमोकडे परत. मोरुस्क, अझूझ, कॅन, यातलं कशालाही हात लावायचा नाही.

चॅप्टर ६ मध्ये सीमसच्या घरातली गुप्त खोली उघडायला चार घड्याळांवरून आकडा काढायचा असतो. आकडा २५११. घड्याळं न पाहता थेट टाका. त्यानंतरची अदलाबदलीची साखळी मात्र टाळता येत नाही, म्हणून क्रम पाठ ठेवा. छतावर रंगाचे डबे एकमेकांकडे फेकणारे दोन यंत्रमानव आहेत. डबा फेकण्याच्या क्षणी म्याऊ करायचं. डबा खाली पडतो, लॉन्ड्रीवाला तो राडा साफ करायला दार उघडून बाहेर येतो, तेवढ्यात आत शिरून सुपर स्पिरिट डिटर्जंट उचलायचं. ते अझूझला दिलं की विजेच्या तारा मिळतात. तारा आजीला दिल्या की ती पोंचो विणते. पोंचो थंडीने कुडकुडणाऱ्या इलियटला दिला की त्याचे हात थांबतात आणि तो ट्रॅकर दुरुस्त करतो. ट्रॅकर सीमसकडे. यात एक टप्पा विसरून उलट चालत आलात तर चार-पाच मिनिटं सहज जातात, कारण या वस्तीच्या गल्ल्या एकसारख्या दिसतात. मोंगकॉकसारख्या दाट जागेचा भास होतो तो उगाच नाही, कलाकारांनी हाँगकाँगची कौलून भिंतनगरी डोळ्यांसमोर ठेवली होती. दिशा ठरवायला दुकानांच्या निऑन पाट्या लक्षात ठेवा.

जिथे प्रसंग वगळता येतो तिथे वगळा, संवादावर बटण दाबत राहा. चॅप्टर ६ संपेपर्यंत तासाभराच्या आसपास असलात तर पुढे धास्ती नको, हा माझा ठोकताळा. मिडटाउनमध्ये मात्र ब्लेझरला कामगाराचं जॅकेट आणि हेल्मेट द्यायचं असतं. ते कुठून उचलायचं हे आदल्या दिवशी चॅप्टर १० उघडून एकदा पाहून ठेवा.

---

कंट्रोलर_चार्जिंगला

लहान ट्रॉफींमध्ये वेळ वाया घालवणारी एकच, 'प्रॉडक्टिव्ह डे'. मांजराला तासाभरापेक्षा जास्त झोपवायचं. ती दोन तासांच्या धावेत करायची नाही हे उघड आहे, पण इतरही तीन गोष्टींनी ती फसते.

पहिली, कन्सोल आपोआप रेस्ट मोडमध्ये जातो. पीएस५ च्या वीजबचतीच्या सेटिंगमध्ये ती मुदत वाढवा किंवा बंद करा. दुसरी, कंट्रोलर बंद पडला की खेळ थांबतो आणि झोपही. झोपेत गुरगुर कंट्रोलरच्या कंपनातून येत असते, ती बॅटरी खाते. म्हणून केबल लावून ठेवा. केबल लावल्यावर गादीवर किंवा उशीवर ठेवला तर टेबलावर थरथरत सरकत नाही. तिसरी, मेनू उघडून पॉज करून ठेवणं म्हणजे झोप नव्हे, मांजर पडद्यावर वेटोळं घालून पडलेलं दिसलं पाहिजे.

बाकीच्या भराभर: म्याऊ १०० वेळा कुठेही, गोल बटण. ५०० उड्या बहुतेकांच्या गोष्ट संपेपर्यंत होत आलेल्या असतात, राहिल्या तर दोन कठड्यांमध्ये ये-जा करा. नऊदा मरायचं असेल तर झर्कांच्या मध्ये उभं राहणं पुरे. ५ यंत्रमानवांच्या पायाला अंग घासायचं. प्रत्येकाला घासता येत नाही, जवळ गेल्यावर बटणाची खूण आली तरच. घासल्यावर त्याच्या चेहऱ्याच्या पडद्यावर बदाम उमटला की मोजलं गेलं. चेंडू छताच्या कडेवरून खालच्या बादलीत ढकलायचा तो द स्लम्समध्ये. हळू हळू नाकाने सरकवत कडेपर्यंत आणा आणि बादलीच्या रेषेत उभे राहूनच शेवटचा धक्का द्या. बाहेर पडला तर चेकपॉइंट लोड करा. टीव्हीच्या ट्रॉफीसाठी रिमोटवर उभं राहून सगळी चॅनेलं एकदा फिरून येईपर्यंत थांबावं लागतं, दोन-तीन बदलून निघून गेलात तर मिळत नाही.

'पॅसिफिस्ट' विसरू नका. चॅप्टर ८, गटारांमध्ये, एकही झर्क न मारता. तिथे डिफ्लक्सर (झर्क फोडणारा प्रकाश) हाताशी असतो आणि सवयीने बोट जातं. एक झर्क जरी प्रकाशाने फुटला तर तो चॅप्टर बाद. सुरुवातीपासून त्या बटणावरचं बोट काढून ठेवा आणि पूर्ण चॅप्टर पळून काढा. पाठलागाचा सराव झालेला असेल तर हे जड जात नाही, म्हणून पाठलागानंतरच करा.

---

खिडकीतली_माऊ

फार उपयोगी पडलं, सगळ्यांचे आभार. क्रम असा ठरवते: चॅप्टर ४, मग ९, मग १० (क्लबची तबकडी, बिल्ले, स्नीकिटी), मग २ चा पाठलाग, ८, आणि शेवटी नवा स्लॉट. झोपेचा तास कुठे बसवू?

---

सावकाश_खेळू

चॅप्टर ४ उघडल्यावर, तिथली कामं सुरू करण्याआधी, म्हणजे पहिल्याच दिवशी. मोरुस्कशेजारी निजण्याची जागा आहे, तिथे झोपवा. त्याला दिलेल्या पाच चाली आहेतच, एक लावून द्या आणि कंट्रोलर केबलला लावून तुमचा स्वयंपाक उरका.

स्नीकिटी आणि नेकोचा बिल्ला एकाच फेरीत घ्यायचे असतील तर आधी ड्रोनचा फेरा चुकवून बिल्ला उचला, सेव्हची खूण येऊ द्या आणि मग पुढे सरका. पुढे दिसलात आणि चेकपॉइंट लोड केला तरी बिल्ल्यासाठी मागे जावं लागणार नाही.

प्लॅटिनम झाल्यावर हात मोकळे राहिले तर 'लिटल किटी, बिग सिटी' घ्या. मे २०२४ मध्ये आलेला खेळ, डबल डॅगर स्टुडिओचा. खिडकीतून खाली पडलेल्या काळ्या मांजराला घरी परत चढायचं असतं. मरण नाही, घड्याळ नाही. कावळ्याला चकचकीत वस्तू नेऊन द्यायच्या, टोप्या जमवायच्या, कुंड्या पाडायच्या. घरी पोचल्यावरही शहरात पुन्हा उतरता येतं, त्यामुळे संग्रहासाठी काही राखून ठेवायची घाई नको.