हार्ड अ‍ॅनोडायझिंग: एकाच जिगवर मायक्रॉन वेगवेगळे येतायत, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, अंबड एमआयडीसीत आमचा छोटा प्लांट आहे, इतकी वर्षं साधं अ‍ॅनोडायझिंगच (अ‍ॅल्युमिनियमला अ‍ॅसिडच्या बाथमध्ये करंट देऊन ऑक्साइडचं कोटिंग चढवणं) करायचो, गेल्या वर्षी हार्डचं, म्हणजे जाड आणि कडक कोटिंगचं, सुरू केलं. आता पिस्टनचा जॉब आलाय, मटेरियल ६०८२ अ‍ॅल्युमिनियम, ड्रॉइंगवर कोटिंगची जाडी ५० मायक्रॉन प्लस मायनस ५. आणि आमच्याकडे एकाच जिगवर (पीस अडकवून बाथमध्ये सोडायची फ्रेम) वरची ओळ ५६ आणि खालची ४१! पार्टीने अर्धा लॉट परत पाठवला.

बाथ सल्फ्युरिक, लिटरला १८० ग्रॅम, टेम्परेचर ० ते २, करंट डेसिमीटर स्क्वेअरला ३ अँपिअर, वेळ ५५ मिनिटं. जाडीचा हिशोब (करंट गुणिले मिनिटं गुणिले ०.३ हा ठोकताळा) ३ गुणिले ५५ गुणिले ०.३, म्हणजे साडेएकोणपन्नास, कागदावर सगळं बरोबर बसतंय. चिलर बघून झाला, अ‍ॅसिड टायट्रेट करून (प्रमाण तपासून) झालं, जाडी मोजायचा गेज त्याच मटेरियलच्या कोऱ्या पीसवर झिरो करून झाला, आता जिग रामकुंडात बुडवायचंच बाकी राहिलंय. टाइम वाढवू का?

प्रतिसाद: टाइमला हात लावू नका दादा, वरची ओळ ६० च्या पुढे जाईल. तुमची सरासरी ४८-४९ येतेय ना, म्हणजे करंट पूर्ण जातोय, वाटणी चुकतेय. जिग टायटॅनियमचं आहे का अ‍ॅल्युमिनियमचं? अ‍ॅल्युमिनियमचं असेल तर त्याच्यावर पण कोटिंग चढतं आणि ते करंट जाऊ देत नाही, दर लोडनंतर कॉस्टिक सोड्यात स्ट्रिप करावंच, म्हणजे कोटिंग उतरवावंच लागतं. खालचे कॉन्टॅक्ट अर्धे बंद पडले की त्यांचा करंट वरचे पीस खातात. खालून बाथ ढवळणारी हवा नीट येतेय का तेही बघा.

धागाकर्ता: अ‍ॅल्युमिनियमचंच आहे. कॉस्टिक चार लोडनंतर एकदा, तेही पोराला आठवलं तर 🙈 खालचे क्लॅम्प पण ढिले निघाले. उद्या साफ करून लावतो. मग परत आलेले पीस स्ट्रिप करून पुन्हा चढवले तर चालतील का?

प्रतिसाद: आधी पार्टीला विचारा. कोटिंग निम्मं बाहेर वाढतं, निम्मं मटेरियल खाऊन आत जातं. ४१ वाला स्ट्रिप केला की मूळ डायामीटरपेक्षा साधारण ४० मायक्रॉनने बारीक होणार, वर ५० चढवलं तरी फायनल साइज तेवढीच कमी राहणार. टॉलरन्स असेल तरच हात लावा, नाहीतर भंगार.