लेथ-हाउस आणि लाँगहाउस : मराठीत काय म्हणावे?

जिज्ञासू : उत्तर इंग्लंडात यॉर्कशरमध्ये हॅलिफॅक्सच्या आसपास दगडी ‘लेथ-हाउस’ असतात, म्हणजे शेतकऱ्याचे घर आणि बार्न एकाच छपराखाली. त्यांना ‘धान्याचे कोठार जोडलेले घर’ म्हटले तर चालेल? नैऋत्य इंग्लंडातल्या डार्टमूर माळरानावरच्या ‘लाँगहाउस’लाही, म्हणजे माणसे आणि गुरे एकत्र राहत त्या लांबट घरालाही, तेच?

पाथरवट : दोन्हीकडे चुकेल. ‘बार्न’ला सर्रास ‘धान्याचे कोठार’ म्हटले जाते, पण कोठारात मळून उफणलेले धान्य जाते. बार्नमध्ये न मळलेल्या पेंढ्या आणि वाळलेले गवत रचत, मळणीही तिथेच. ‘लेथ’ हा बार्नचाच उत्तर इंग्लंडातला शब्द, जुन्या नॉर्स ‘ह्लाडा’पासून आलेला. त्यात गाडी शिरेल एवढे दार, मध्ये खळे, एका अंगाला गोठा (तिकडे ‘मिस्टल’), त्यावर गवताचा माळा. भिंतीतल्या उभ्या अरुंद फटी वाऱ्यासाठी असतात, त्यांना ‘खिडक्या’ म्हणू नये. गवत ओलसर भरले तर आतून तापते, पेटही घेते. म्हणून वारा खेळता हवा.

खरा फरक उंबऱ्याचा आहे. लाँगहाउसमध्ये माणसे आणि गुरे एकाच दाराने आडव्या बोळात येत आणि तिथून दोन बाजूंना वळत. चूल चढाच्या अंगाला, गोठा (‘शिपन’) उताराच्या. गोठ्याच्या मधून नाली, तिचे तोंड शेवटच्या भिंतीत. उलटे बांधले तर मूत घरात येईल. डार्टमूरवरच्या ‘हायर अप्पाकॉट’ या जुन्या घरात ही रचना आजही दिसते. लेथ-हाउस साधारण 1650 नंतरचे : छप्पर एक, उंबरे दोन.

भाषांतरकार : मग ‘जोडगोठ्याचे घर’?

पाथरवट : ‘जोड’मुळे गोठा मागाहून बांधल्यासारखे वाटते. बऱ्याच लेथ-हाउसांत घर आणि लेथ एकाच वेळी बांधले गेले. ओळखायचे कसे? घर आणि लेथ भेटतात तिथली भिंत पाहा. दगड एकमेकांत गुंतलेले असतील तर बांधकाम एकाच वेळचे. वरपासून खालपर्यंत सरळ उभा सांधा असेल तर बहुधा दोन वेळचे. तेव्हाच ‘जोड’ लिहा. सांध्यावर गिलावा असेल तर बाहेरून काही सांगता येत नाही.

वऱ्हाडी : ‘कोठाघर’ही टाळा. आमच्याकडे कोठा म्हणजे गुरांचाच, इतरांना कोठार वाटेल. कोकणात गुरांचा ‘वाडा’ असतो, तोही देशावर भलतेच सुचवेल. ‘गोठा’ सगळीकडे कळतो.

पाथरवट : पटले. लाँगहाउसला ‘एकउंबरी गोठाघर’, लेथ-हाउसला ‘खळे-गोठ्याचे एकछपरी घर’. लांब आहे, पण खळे वगळले तर लेथच उरत नाही.